चित्राची टोकं धरून

आमच्या कंपनीनं कोरेगाव पार्कातल्या एका आर्ट गॅलरीचं सभासदत्व घेतलं, ते निव्वळ डायरेक्टर साहेबांच्या हौसेपायी. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना चित्रांशी काय देणंघेणं, असं आम्ही प्रशासन विभागात कुजबुजलो. पण सभासद कंपन्यांना एक मान होता. नवं प्रदर्शन लोकांसाठी उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी ते फक्त त्यांच्या माणसांना बघायला मिळायचं. सरबत, वाइन, तोंडात टाकायला काहीतरी, आणि खुद्द चित्रकार हजर. कोण कोण येणार ते गॅलरीला कळवायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मलाही जावंच लागे. पहिल्या खेपेला एकटी गेले. दुसऱ्या खेपेला निमंत्रण जोडीदारासह होतं, आणि ते मी घरी बोलून गेले.

माझे मिस्टर खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आठवडाभर यंत्रांची ड्रॉइंग काढायची आणि रविवारी सकाळी रंगांची पेटी घेऊन नदीवर जायचं, हा त्यांचा क्रम. संगमाचा पूल, होळकर पूल, बंडगार्डनचा बंधारा, सगळं जलरंगात. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली चित्रांची चळत साठली होती. पाहुणे आले की त्यातली दोन-चार मी काढून दाखवत असे. “अगदी फोटो काढल्यासारखं,” असं ते म्हणत. मिस्टर खूश होत. मीही होत असे.

त्या संध्याकाळी ते मला घ्यायला ऑफिसच्या फाटकाशी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. स्कूटरवर पुढ्यात पुठ्ठ्याची लांब नळी उभी करून ठेवलेली.

“हे काय?” मी विचारलं.

“काही नाही. असू दे. बस तू.”

कारखान्यातून परस्पर आलेत, कामाचं काहीतरी असेल, असं मला वाटलं.

गॅलरी म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या भिंती पाडून केलेले दोन मोठे पांढरे हॉल. आत थंडगार. आमचे मॅनेजर आणि त्यांच्या बायका हातात ग्लास घेऊन हळू आवाजात बोलत होते. चित्रं भली मोठी, तपकिरी आणि राखाडी, त्यांत माणूस नाही, झाड नाही. आम्ही सगळे त्यांच्यापुढे दोन मिनिटं उभे राहून मान हलवत होतो. मिस्टर मात्र प्रत्येक चित्राशी वाकून, ती नळी काखेत धरून, रंगाचे थर न्याहाळत होते. मला बरं वाटलं. आपल्यातलं कुणीतरी खरंच बघतंय, असं वाटलं.

मग ते चित्रकारांशी बोलताना दिसले. चित्रकार सत्तरी ओलांडलेले, खादीचा झब्बा घातलेले, कपाळाला कायमची आठी. मी जवळ पोचेपर्यंत मिस्टरांनी नळीचं झाकण काढलं होतं.

“आपल्याला दोन मिनिटं वेळ असेल तर,” ते म्हणत होते, “थोडी कामं आणलीत.”

माहितीपत्रकं ठेवलेल्या टेबलावर त्यांनी चित्रं पसरली. कागद गुंडाळीतून निघाले होते, पुन्हा पुन्हा वळत होते.

“अगं, जरा हे टोक धर,” मिस्टर मला म्हणाले.

मी टोक धरलं. दुसऱ्या हातानं दुसरं टोक. आजूबाजूचं बोलणं थांबलं आणि सगळे टेबलाभोवती जमले. आमचे डायरेक्टर साहेब, मॅनेजरांच्या बायका, गॅलरीच्या बाई. मी वाकून, दोन्ही हात पसरून, नवऱ्याचा पूल सगळ्यांना दाखवत उभी होते. कान तापले होते. घरी पलंगावर बसून बघितलेलं तेच चित्र त्या पांढऱ्या भिंतींमध्ये शाळेतल्या स्पर्धेतलं वाटत होतं, आणि मला तसं वाटतंय हे माझ्या तोंडावर दिसत असणार.

चित्रकारांनी चष्मा वर केला. “नोकरी कुठे आपली?”

“खडकीला. ड्राफ्ट्समन आहे.”

“तरीच. पूल पडायचा नाही.”

सगळे हसले. मिस्टरही हसले, अगदी मनापासून. “थँक यू सर,” म्हणाले.

गॅलरीच्या बाईंनी घड्याळ बघितलं. “आजची संध्याकाळ खरं तर सरांच्या कामासाठी आहे,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. मिस्टर घाईघाईनं कागद गोळा करू लागले. तेवढ्यात डायरेक्टर साहेब पुढे झाले. बहुधा माझ्याकडे बघून त्यांना दया आली असावी.

“अहो, हे संगमाचं आम्हाला द्या की! घरी लावतो.”

मिस्टरांनी खिशातलं पेन काढून कोपऱ्यात सही केली आणि दोन्ही हातांनी चित्र त्यांना दिलं.

निघायच्या वेळी मी साहेबांना निरोप द्यायला शोधलं, तर ते गेले होते. हॉल रिकामा होत होता. मिस्टर खाण्याच्या टेबलाजवळ पाठमोरे उभे होते. मी जाऊन बघितलं. संगमाचं चित्र तिथंच होतं, वळू नये म्हणून की काय, त्यावर कुणीतरी उष्टी बशी ठेवली होती. हिरवी चटणी आकाशात उतरली होती.

मिस्टरांनी बशी उचलून बाजूला ठेवली, रुमालानं कागद टिपला आणि चित्र नळीत घातलं. मला त्यांची लाज वाटली होती, आता माझ्या ऑफिसातल्या माणसांची वाटत होती, आणि स्कूटरवर त्यांच्या पाठीशी बसून मी नक्की कुणाची बाजू घेतेय हे मला कळत नव्हतं.

सोमवारी डायरेक्टर साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. “मिस्टरांना सांगा हं, चित्र हॉलमध्ये लावलंय. मिसेसना फार आवडलं.”

“सांगते सर,” मी म्हटलं.

दिवसभर ते वाक्य मला टोचत राहिलं. संध्याकाळी चहा घेताना शेवटी सांगून टाकलं. मला वाटलं, मिस्टर चिडतील. मला ते चिडायला हवे होते. त्यांनी कप खाली ठेवला.

“लाज वाटली असेल गं त्यांना,” ते म्हणाले. “नाहीतर कशाला थांबून सांगतील?”

स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच नळ सोडला.

पुढच्या वर्षी कंपनीनं खर्च कमी केला आणि सभासदत्व बंद झालं. गॅलरीला फोन करून कळवायचं काम माझ्याकडेच आलं. बाई “अरेरे” म्हणाल्या. मला सुटल्यासारखं झालं. घरी सांगितलं तेव्हा मात्र मिस्टर हिरमुसले.

“म्हणजे आता जाता येणार नाही?”

“येतं की. सगळ्यांसाठी उघडतात तेव्हा.”

“मग तेव्हाच जाऊ.”

एका रविवारी गेलो. सरबत नव्हतं, बोलणारं कुणी नव्हतं, दारातल्या वॉचमननं आम्ही कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही. मिस्टर रिकाम्या हातांनी आले होते. ते निवांत, एकेका चित्रापुढे थांबत पुढे सरकत होते, मधूनच मला बोलावून काहीतरी दाखवत होते. मी हो हो म्हणत होते. डोळे मात्र दाराकडे होते, ऑफिसातलं कुणी येतंय का ते बघत.