विकराचे पाच खडे

काचेच्या नळीच्या तळाशी पाच खडे चकाकत होते. मोहरीहूनही बारीक, पण कडा अशा रेखीव की सकाळचं ऊन त्यांच्यात शिरून थबकल्यासारखं वाटे. साखर कारखान्यात रस आटवून दाणा धरण्यात माझी निम्मी हयात गेली. स्फटिक मला नवे नव्हते. तरी त्यांच्याकडे पाहताना मानेवरून काहीतरी गार सरकलं. सौंदर्य इतकं निर्जन असू शकतं?

हे माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं काम. सर्रा रोगाने घोडी गोल गोल फिरून मरते. तिच्या रक्तात पोहणारा सूक्ष्म परजीवी ज्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, रक्तातली साखर पचवतो, त्याचे स्फटिक कुसुमला हवे होते. ते मिळाले, की क्ष-किरणांनी विकराची आतली घडण उलगडायची आणि त्याचं तोंड बंद करणारं औषध शोधायचं. दोन वर्षं काही जमलं नव्हतं. पुण्यात प्रयोगशाळेशेजारी बांधकामाचे हादरे, म्हणून विकराच्या द्रावणाच्या सहा नळ्या घेऊन ती देवळाली प्रवऱ्याला आमच्याकडे आली. महिनाअखेर स्फटिक दिसले नाहीत, तर तिची शिष्यवृत्ती बंद होणार होती.

"घोडीच्या रोगाचं पानी धान्याच्या खोलीत ठिवतीस व्हय?" आई म्हणाली.

"अगं, घरात तेवढ्याच खोलीत काही हलत नाही."

आठवडा गेला, नळ्या कोऱ्याच. मग माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. कारखान्यात दाणा धरेना, की आम्ही साखरेची बारीक पूड सोडतो. तिच्याभोवती दाणे वाढतात. कुसुम मळ्यात गेलेली पाहून मी एका नळीत तीच पूड किंचित सोडली. थोरल्या भावाच्या अंगी एवढा आगाऊपणा कुठून येतो, देव जाणे!

तीन दिवसांनी नेमके त्याच नळीत हे पाच खडे. कुसुमचे डोळे भरून आले, तेव्हा मला कबुली द्यावीच लागली.

"साखर घातलीस, दादा?" ती हळूच म्हणाली. "अरे, तो परजीवी साखरेवरच जगतो."

साखरेचा खडा सुईखाली कर्रकन फुटतो, विकराचा निमूट दबतो. हे खडे कशाचे, ते एक मोडल्याशिवाय कळणार नव्हतं. तिने एक खडा काचेवर घेतला, सुई टेकवली. आईही येऊन वाकून पाहू लागली. आवाज झालाच नाही. खडा सायीसारखा दबला.

"चार उरले. पुरेत," कुसुम म्हणाली, आणि मग किती तरी वेळ हसत राहिली. ते खडे माझ्या पुडीमुळे झाले की आपसूक, हे तिलाही सांगता येईना.

मी मात्र दुपारच्या चहाचा पेला हातात धरून बसलो होतो. ही गोडी रोज रक्तात उतरते. तिथे तिची वाट पाहत कोण कोण बसलेलं असतं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.