धुतलेले हात

चिखलीतल्या एका मेकॅनिककडे मी दर महिन्याला गाडी दाखवायला जायचो. आमच्या चर्चमध्ये शिकवलं होतं, आधी ओळख वाढवा, मग येशूबद्दल सांगा. मेकॅनिक मुसलमान होता. मी शुभवर्तमानाची पुस्तिका पुढे केली की तो पाना खाली ठेवायचा, रॉकेलनं हात धुवायचा, मग साबणानं, आणि पुसून झाल्यावरच ती दोन्ही हातांनी घ्यायचा. मग मी बोलत सुटायचो.

एकदा निघताना तो म्हणाला, "भाऊ, दर वेळी तुमचं ऐकतो. आज माझं पण ऐका ना थोडं."

"शिफ्टला उशीर होतोय राव, पुढच्या वेळी," म्हणत मी किक मारली.

पुढच्या वेळी शटर बंद होतं. शेजारच्या चहावाल्यानं फडक्यात बांधलेल्या पुस्तिका माझ्या हातात दिल्या. "त्याची बायको वारली. वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तो गेला गावाकडं. म्हणाला, यात देवाचं नाव हाय, रद्दीत नको."

एकाही पानावर ऑइलचा डाग नव्हता. येशूनं कितीतरी आजाऱ्यांना बरं केलं, हे मी त्याला रंगवून सांगितलं होतं. घरी सगळे बरे आहेत ना, एवढं मात्र कधीच विचारलं नव्हतं.