विमानाला दाखवलेली हिरवी झेंडी

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी अजनीच्या रुळांलगतच्या आमच्या घरात त्यांची हिरवी झेंडी खुंटीला टांगलेली असायची. गाडी सुटताना गार्डानं झेंडी दाखवायची आणि पुढून इंजिनातून उत्तर यायचं, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. मी सायकलवर कॉलेजात निघालो तरी कोपऱ्यावरून मागे वळून हात दाखवावा लागे. विसरलो की संध्याकाळी बोलणी ठरलेली. मला त्याचा भारी वैताग यायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होतो. मुंबईला टेंडर भरायचं होतं, परवाच्या दुपारी तीनच्या आत. जाणारे साहेब ऐनवेळी तापानं पडले आणि विमानाचं तिकीट माझ्या हातात आलं. आमच्या गल्लीत तोवर कुणीच विमानात बसलेलं नव्हतं. वडिलांनी एका संध्याकाळीत ही बातमी पार चौकातल्या पानठेल्यापर्यंत पोचवली.

सकाळी ते मला सोडायला सोनेगावच्या विमानतळावर आले, खिशात झेंडी घेऊन.

“खिडकीपाशी बसजो,” ते म्हणाले. “विमान हाललं का रुमाल दाखवजो. मी कठड्यापासून झेंडी दाखवतो.”

“त्याची काच उघडत नाही, बाबा.”

“मग काचेआडून दाखव. मले उत्तर भेटलं पाहिजे, बस.”

विमानात काही बिघाड होता. तासाभरात सुटेल म्हणाले, त्या तासाचे तीन तास झाले. माझी पेटी सामानात गेली होती, टेंडरचे कागद तेवढे खांद्यावरच्या पिशवीत. अधूनमधून काचेतून बघावं तर वडील आपले उन्हात कठड्याला धरून उभे. पाणी प्यायलासुद्धा हलले नसतील.

शेवटी बोलावणं झालं. मी उठलो, तर काउंटरवरच्या माणसानं मला बाजूला घेतलं. कुणी बडी मंडळी आली होती, त्यांच्यासाठी दोन जागा काढायच्या होत्या. त्यातली एक माझी. मी भांडलो, आवाज चढवला, कागद त्याच्या तोंडासमोर नाचवले. तो थंडपणे म्हणाला, “उद्याच्या विमानात पहिला नंबर तुमचा.” आणि माझी पेटी? ती कधीच चढली होती. म्हणजे पेटी मुंबईला उडणार आणि पेटीचा मालक सोनेगावात!

तेवढ्यात पंखे फिरू लागले. काचेतून मला वडील दिसले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली, झेंडी उलगडली आणि ड्युटीवर धरत तसा हात ताठ धरला. विमान धावलं, उडालं, ठिपक्याएवढं झालं, तरी त्यांचा हात खाली येईना. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

बाहेर जाऊन त्यांना सांगायला हवं होतं. नाही गेलो. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलेलं, आता मी कोणत्या तोंडानं घरी जाऊ? दुसऱ्या दारानं सटकलो आणि रिक्षा करून थेट शहरातलं मोठं स्टेशन गाठलं.

दुपारची मुंबईची गाडी खच्चून भरली होती. शेवटच्या डब्यापाशी गार्डकाका उभे होते, वडिलांच्या हाताखाली काम शिकलेले. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते पोट धरधरून हसले.

“बस माझ्या डब्यात. वर्ध्याले जागा पाहून देतो.”

“काका, बाबाले नका सांगू.”

“नाही सांगत गा,” असं म्हणून ते एक फोन करून आले. गाडी सुटली. अजनी जवळ आली तशी काका म्हणाले, “घामाघूम झाला तू. दारात उभा राह्य जरा, तोंड पूस.” मी दारात उभा राहिलो. रागानं आणि शरमेनं डोळे भरून आले होते. पांढरा रुमाल काढून किती तरी वेळ चेहरा पुसत राहिलो. शेजारी काका झेंडी दाखवत होते. गार्ड दाखवतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

टेंडर वेळेत भरलं. पेटीही मुंबईच्या विमानतळावर एका कोपऱ्यात आडवी पडलेली सापडली. चार दिवसांनी परतलो तर वडील पानठेल्यावर सांगत होते, “उत्तर भेटलं. पांढरा रुमाल, साफ दिसला.” मी मान खाली घातली. मनात म्हटलं, बाबा काय थापा मारून राहिले.

पुढे वर्षानुवर्षं, लग्नात, बारशात, ते हेच सांगायचे आणि मी दरवेळी चिडायचो. एकदा राहवलं नाही. “इतक्या लांबून रुमाल दिसत नाही, बाबा.” ते शांतपणे म्हणाले, “मले दिसला ना. झालं तर मग.”

वडील गेले. तेराव्याला गार्डकाका आले होते. मी म्हटलं, “काका, ती रुमालाची थाप त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.”

“थाप काहून?” काका म्हणाले. “मी त्या दिवशी स्टेशनातून अजनीच्या सिग्नल केबिनले फोन केला होता. केबिनवाल्यानं घरी निरोप दिला. सोनेगाववरून तोंड पाडून आलेला तुझा बाप तसाच उठला, झेंडी घेऊन रुळाच्या बाजूले उभा राह्यला. म्हणून तर तुले दारात उभं केलं. मंग मले म्हणे, पोराले सांगू नको, त्याले वाईट वाटन.”

रुमाल विमानातून दिसला, असं वडील एकदाही म्हणाले नव्हते. तो त्यांना खरंच दिसला होता. मीच त्यांना पाहिलं नव्हतं.