आधी आपल्या घरचा अंधार

माझं सगळं बदललं ते एका वाक्याने. दादरच्या दोन खोल्यांच्या अभ्यासकेंद्रात, लांब टेबलाशी तीन देशांची माणसं बसलेली असताना डॉ. शरयू केळुसकर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुलगा खरं बोलतोय. फक्त त्याने चुकीच्या घरापासून सुरुवात केली." तोवर मी परळच्या चाळीतला, कॉलेज अर्धवट टाकलेला, कुणाशीही भांडणारा एक पोरगा होतो. त्यानंतरही चाळीतलाच राहिलो आणि भांडतोही, पण आता भांडण कशासाठी ते आधी बघतो. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठ्या विद्वानांच्या पंगतीत माझं पान मांडलं गेलं ते बाईंच्याच सांगण्यावरून. "त्याला लिहू दे, आणि त्याचं काही कापू नका," असं त्यांनी संपादकांना बजावलं म्हणे. तेव्हा पुढे जे येईल ते त्यांच्या जबाबदारीवर.

बाईंची ओळख झाली ती अक्षरावरून. लालबागच्या मंडळाचा फलक रंगवत मी शिडीवर चढलो होतो. खाली सुती साडीतल्या, खांद्याला झोळी लावलेल्या एक बाई मान वर करून बराच वेळ उभ्या.

"अक्षर कोणाचं?"

"माझं. का, चुकलंय?"

"चुकलेलं नाही म्हणून तर विचारते. आलेख काढता येतात?"

"बीएस्सीची दोन वर्षं केली. तिसरं सोडलं."

"ते मी विचारलं नाही. आलेख येतात का?"

दुसऱ्या दिवसापासून मी केंद्रात.

केंद्राचं काम लोकांना सांगताना माझी पंचाईत होते. चाळीत विचारतात, "काय रे नंदू, तुझ्या त्या हापिसात करतात काय?" मी सांगतो, नेपाळात पावसाळ्यात नद्या भरून वाहतात, तेव्हा तिथे पाण्यावर हवी तेवढी वीज करता येईल. हिवाळ्यात त्याच नद्या आटतात आणि तिकडे अंधार पडतो. बांगलादेशात जमिनीखाली गॅस आहे, पण नदीच्या एका बाजूला. आपल्याकडे कोळसा आहे. ढाक्यात दिवेलागण आपल्याआधी होते. त्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, काठमांडूची शनिवारी, आपली रविवारी. म्हणजे एकाचे कारखाने बंद असतात तेव्हा दुसऱ्याचे चालू. मग तारा जोडून एकमेकांची वीज एकमेकांना का देऊ नये? याचा अभ्यास तिन्हीकडच्या लोकांनी एकत्र बसून करायचा, हे आमचं काम. यावर चाळीतून ठरलेला शेरा येतो, "आधी आपल्या जिन्यातला दिवा लावा, मग नेपाळचं बघा."

ही कल्पना बाईंना कुठल्या परिषदेत सुचली नाही. त्यांच्या आई लालबागला खानावळ चालवायच्या. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार तिथे जेवायचे आणि शेजारच्या गाळ्यात झोपायचे. तीन पाळ्यांची माणसं, वळकट्या मात्र एक तृतीयांश. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा. बाई सांगतात, हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं, कारण प्रत्येक जण आपली पाळी खरी सांगायचा. एकदा एका भाऊंनी पाळी बदलल्याचं लपवलं. दुपारी एकाच वळकटीवर दोघं, आणि हातघाईची मारामारी. आई झारा घेऊन धावल्या. "मेल्या, पाळी बदललंस तर सांगूक काय झालां तुका? आमी काय तुजी वळकटी खातलों?" हा प्रसंग बाईंनी पुढे मोठमोठ्या सभांत सांगितला, आईच्या आवाजासकट.

बाई शिकून वीज इंजिनिअर झाल्या आणि शहराला वीज पुरवणाऱ्या एका कंपनीत लागल्या. संप झाला तेव्हा त्या नियंत्रण कक्षात होत्या. गिरण्या थांबल्या आणि आलेखाची रेघ खाली आली. साहेब खूश होऊन म्हणाले, "व्वा, चांगली शिल्लक पडली." बाईंना त्या रेघेत लालबाग दिसत होतं. ती शिल्लक म्हणजे खानावळीत जेवायला न येणारी माणसं होती. माझे वडीलही त्यांतलेच. संपानंतर ते एका इमारतीचे वॉचमन झाले. "तेव्हापासून," बाई म्हणतात, "कुणी शिल्लक म्हटलं की मी विचारते, कोण उपाशी राहिलं?" पुढे नोकरी सोडून त्यांनी केंद्र काढलं.

आता ते वाक्य. त्या बैठकीला ढाक्याहून प्राध्यापक करीमसाहेब आले होते आणि काठमांडूहून इंजिनिअर पौडेलसाहेब. पौडेलसाहेबांबरोबर त्यांची मुलगी बिनीता, त्यांची मदतनीस म्हणून. ती आधी दोनदा येऊन गेली होती. दोनदा पुरे होतं. मी आलेखातल्या रेघा ज्या जिवापाड सरळ काढायचो, त्या कुणासाठी काढत होतो हे केंद्रातल्या शिपायालाही ठाऊक होतं. वाचकहो, हसा. तोही हसायचा.

अडचण अशी होती की खरा आकडा कुणीच टेबलावर ठेवत नव्हतं. वीज किती कमी पडते हे शेजाऱ्याला सांगणं म्हणजे देशाची सुरक्षा धोक्यात, असं तिन्ही सरकारांचं मत. करीमसाहेब म्हणाले, "संध्याकाळची आमची तूट फारशी नाही." मी आलेख लावत उभा होतो. आदल्याच दिवशी चहा पिताना याच साहेबांनी मला सांगितलं होतं की त्यांची नातवंडं रोज संध्याकाळी कंदील लावून अभ्यास करतात. माझ्या तोंडून निघालं, "सर, आप झूठ बोल रहे हो."

मला आजही वाटतं की वाक्य खरंच होतं. पण करीमसाहेब उठले, त्यांनी बॅग उचलली. पौडेलसाहेबांनी हातातलं पेन बंद केलं आणि हिंदीत म्हणाले, "दिदी, जिस टेबल पर ये लड़का बैठेगा, उस पर मैं नहीं बैठूँगा." बिनीता खाली बघत होती. बाईंनी मला बाहेर काढलं असतं तर त्यांना कुणी दोष दिला नसता, आणि मला पुन्हा त्या टेबलाशी बसता आलं नसतं, की पौडेलसाहेबांच्या घरात कधी पाऊल ठेवता आलं नसतं.

तेव्हा बाईंनी सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य उच्चारलं. मग म्हणाल्या, "करीमसाहेब, बसा. आधी आमच्या घरचं ऐका." आमच्याच अहवालात 'भारताची शिल्लक' म्हणून जो रकाना होता त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ही शिल्लक खोटी आहे. जिथे तारच पोचलेली नाही, त्या गावांची भूक आम्ही मोजलेलीच नाही. न जेवलेल्यांचं अन्न शिल्लक म्हणून दाखवलंय. हे कागदावर राहू दिलं ते मी." आणि तो रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. मी जीव ओतून काढलेला रकाना होता तो.

करीमसाहेब बॅग धरून उभेच होते. मग त्यांनी ती खाली ठेवली. "दिदी, असं असेल तर आमची संध्याकाळही लिहून घ्या," म्हणाले, आणि बोलत सुटले. त्यांचं झाल्यावर पौडेलसाहेब खाकरले. "हमारा जाड़ा तो आप लोगों ने देखा ही नहीं." जाड़ा म्हणजे हिवाळा. थोड्या वेळाने दोघांत माझा अंधार जास्त की तुझा, यावरून अशी जुंपली की चहा गार झाला. तेव्हापासून केंद्राचा तो नियमच झाला: आधी आपल्या घरचा अंधार सांगायचा, मग शेजाऱ्याकडे दिवा मागायचा. एका सरकारी पाहुण्यांनी विचारलं, "अहो, पण सुरक्षेचं काय?" बाई म्हणाल्या, "चाळीत आम्ही बाहेर जाताना किल्ली शेजारी ठेवतो. जिची किल्ली शेजारी आहे, तिचं घर जास्त सुरक्षित."

मला मात्र त्या नंतर एकट्याला गाठून बोलल्या. "तू माझा माणूस आहेस. तू रागावलास तर मी रागावले असं धरतात लोक. तेव्हा रागावण्याआधी मला विचारत जा." मी विचारलं, "आणि तुम्ही नाही म्हणालात तर?" "मग जिन्यात जाऊन रागाव." मी तो जिना खूप वापरला आहे. पुढच्या प्रत्येक बैठकीत बाईंनी माझी खुर्ची पौडेलसाहेबांच्या समोर ठेवली. पहिल्यांदा साहेब कुरकुरले. बाई म्हणाल्या, "आलेख तो काढतो. तुम्ही काढत असाल तर तो उठेल." साहेब बसले. वडिलांना धाप लागून दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा बाई डबा घेऊन यायच्या आणि वडिलांशी खानावळीतल्या कालवणांवर तासभर वाद घालायच्या. डॉक्टरांनी दिलं नाही इतकं बळ त्या वादाने दिलं.

तारा अजून पडलेल्या नाहीत. आमचे अहवाल तिन्ही राजधान्यांत कुठल्यातरी टेबलांवर आहेत. बाईंना त्याचं दुःख नाही असं नाही, पण त्या म्हणतात, "माणसं जोडून झाली आहेत. तार काय, खांब मिळाले की ओढतील." संपादकांनी सांगितलंय की शेवटी शुभेच्छा हव्यात. माझी शुभेच्छा एकच आहे. बाईंचे गुडघे, डोळे आणि तो झाऱ्यासारखा आवाज इतकी वर्षं शाबूत राहोत, की सीमेपलीकडून आलेल्या विजेवर लागलेल्या पहिल्या दिव्याखाली बसून त्यांनी आमच्या आलेखांतल्या चुका काढाव्यात. आणि पंचाहत्तरीच्या ग्रंथातही मला जागा मिळावी.

एक प्रसंग राहिला. गेल्या महिन्यात पौडेलसाहेब आणि बिनीता पुन्हा आले होते. मी बाईंना जिन्यात गाठलं. "बाई, मला साहेबांशी बोलायचंय. बिनीताचं." बाईंनी मला खालपासून वर न्याहाळलं. "मग नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. आत टेबलाशी बसून मी सांगितलं. पदवी नाही. परळला एक खोली, त्यात पाच माणसं. वडील वॉचमन. पगार केंद्र देतं तेवढाच. डोकं गरम.

"वो तो मैंने अपनी आँखों से देखा है," पौडेलसाहेब म्हणाले. मग खुर्चीत मागे रेलले. "अब हमारा अंधेरा सुनो. गुस्से में मेरी बेटी तुमसे दो हाथ आगे है. और इसकी माँ हम दोनों से आगे. वो इतनी दूर भेजने को राज़ी नहीं."

"पण साहेब, त्यांना मी स्वतः येऊन..."

"नंदू," बाई म्हणाल्या, "तुझं सांगून झालं. आता बाहेर जा."

"बाई, मुख्य मुद्दा तर राहिलाच."

"मुख्य मुद्दा इथे बसलाय, आणि तिला तोंड आहे. तू समोर असलास तर ही माणसं भिडेखातर हो म्हणतील. नाही म्हणायला मोकळीक नसेल तर त्या होकाराचं काय करशील? घालशील कुठे?" त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "मी आहे ना आत. जा."

मी उठलो. बिनीताने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खुर्ची ओढून टेबलाच्या आणखी जवळ सरकत होती. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.