दोघांनी भरायचं पाणी

मुलांनो, घर घेतल्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, पण ते बघताना काय झालं ते राहूनच गेलं. आपण बोलतो तेव्हा तुमची शाळेची बस दाराशी आलेली असते. म्हणून हे लिहून ठेवते.

आजोबा गेल्यावर चिकलठाण्याकडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला झेपेना. लिफ्ट चालू कमी, बंद जास्त. तुमचे बाबा म्हणत होते, "आई, आता इकडेच ये." मला यायचं नव्हतं. तळमजल्यावरचं लहानसं घर घ्यायचं आणि कुणालाही हाक न मारता त्यात राहून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. घर जुनं चालेल, पण सगळं मला एकटीला जमलं पाहिजे, एवढी एकच अट.

जुनं घर घेताना नळ आणि पाइप कसे तपासावेत याची यादी तुमच्यातल्या थोरल्याने इंग्रजीतून पाठवली होती, आठवतं ना? मी ती वहीत उतरवून घेतली आणि प्रत्येक ओळीपुढे चौकोन आखला. पहिली ओळ होती: घरातले सगळे नळ एकदम सोडून धार बघावी.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात जमिनीखाली हौद. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, पुण्याला मुलाकडे निघालेल्या. मी वही उघडून सगळे नळ सोडले. न्हाणीतला नळ खाकरला, दोन घोट तांबूस पाणी टाकलं आणि गप्प झाला. शहागंजातले एक म्हातारे प्लंबर मी सोबत नेले होते. ते हसायलाच लागले.

"माँजी, ये लिस्ट किधर की है? इथं आठव्या दिवशी नळ येतो. आज काय दिसणार? नळाच्या दिवशी या."

चाळीस वर्षं या शहरात काढून मी नळाचा दिवस विचारायला विसरले होते. फ्लॅटमध्ये वॉचमन टाकी भरायचा. आम्ही फक्त तोटी फिरवायचो.

नळाच्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. हौद भरत आला तशी शेजारची बाई हात पुसत फाटकातून आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मोटरचं बटन तिथे होतं आणि मोटर अंगणात, हौदाजवळ. मालकीणबाई मोटरपाशी स्टुलावर बसल्या आणि तांब्याने तिच्यात पाणी ओतू लागल्या.

"दाब गं!"

"दाबलं!"

मोटर नुसतीच घरघरली.

"नाय धरलं काकू, आजून वता! हात आखडू नका, पानी तुमचंच हाय!"

तिसऱ्या खेपेला मोटरने पाणी धरलं आणि गच्चीवरच्या टाकीत धार पडल्याचा आवाज आला.

"फूटवाल गेला इसका," प्लंबर म्हणाले. हौदातल्या पाइपाच्या तळाशी असतो तो. तो बिघडला की पाइप रिकामा होतो आणि दर वेळी मोटरमध्ये वरून पाणी ओतावं लागतं. "कितने साल हुए?"

"कोण मोजतंय," मालकीणबाई म्हणाल्या. "हे पाणी ओतायचे, मी बटन दाबायची. जरा उशीर झाला की अंगणातून ओरडायचे, झोपलीस का म्हणून. ते गेल्यापासून ही येते."

"काका बरे होते," शेजारीण दारातून म्हणाली. "काकू लई वरडतात."

सगळे हसले. मी वहीत लिहिलं, 'पाणी भरायला दोन माणसं लागतात', आणि पुढे फुली मारली. घर नको म्हणणारच होते. तेवढ्यात प्लंबर म्हणाले, "फूटवाल नवा टाकू, बटन मोटरपाशी आणू. एकट्या माणसाचं काम करून देतो."

मी लगेच हो म्हटलं.

"एवढ्यासाठी कशाला, ताई?" मालकीणबाई म्हणाल्या. "ही आहे की."

"मला कुणाला त्रास द्यायला आवडत नाही," मी म्हटलं. शेजारीण तिथेच उभी होती. बोलले ते मला अगदी योग्य वाटलं होतं.

राहायला आल्यानंतरच्या पहिल्या नळाच्या दिवशी मी बटन दाबलं आणि मोटरने एका झटक्यात पाणी धरलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "नळ आला व्हय काकू? येऊ का?"

"नको गं, झालंसुद्धा. आता एकटीला जमतं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर नळाचे किती दिवस आले आणि गेले. पाणी उत्तम चढतं, कुठे थेंब गळत नाही. बाबांना तसं सांगा. ती मात्र पुन्हा फाटकातून आली नाही. रागावलेली नाही, रस्त्यात भेटली की हसते. तिला यायला काही कारणच उरलेलं नाही.

परवा माझी मोटर चालू असतानाच मी भिंतीपाशी जाऊन विचारलं, "तुमच्याकडे आला का गं नळ?"

"मघाशीच की, काकू," ती आतूनच म्हणाली.

"मोटर नीट धरते ना तुमची?"

"धरते की."

टाकी भरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.