तुळसाबाईच्या अंगठ्याची बडदास्त

भिवापूरजवळच्या त्या गावात तुळसाबाईची सारी हयात मिरचीची देठं खुडण्यात गेली. नवरा वारला, दोन एकर तिच्या नावावर आले आणि शेतकऱ्यांचा सरकारी हप्ता तिच्या खात्यात पडू लागला. तेवढाच तिचा हक्काचा पैसा. त्या जोरावर ती मुलाला, म्हणजे सुशीलला, न विचारता उमरेडच्या लेकीकडे जाऊन येई. त्याच्याकडे बसभाडं मागायचं तर आधी त्याचं व्याख्यान ऐकावं लागे. उरल्या पैशातून खताची गोणी येई, म्हणून हप्त्याचा जिव्हाळा सुशीललाही होताच.

यंदा हप्ता अडला. ओळख पटवायला, म्हणजे केवायसीला, गावातल्या सेवा केंद्रात गेली तर यंत्र अंगठा घेईना. दहाही बोटं लावून झाली. मिरचीनं आणि भांड्यांच्या राखेनं रेघा पार खाऊन टाकलेल्या. मोबाईलवर ओटीपी मागवावा तर नंबर मेलेल्या नवऱ्याचा, कधीचा बंद पडलेला. शेवटी चेहरा दाखवायचं ठरलं, तर फोन म्हणे डोळे मिचकवा. फोन धरून समोर केंद्रचालक पियुष उभा.

"या वयात परक्या पोराले डोळा मारू?" म्हणत तुळसाबाई उठलीच.

"मंग आजी, पंधरा दिवस कामाले हात नोका लावू," पियुष म्हणाला. "तेल लावा. रेघा येतात परत."

घरात अंगठ्याची बडदास्त सुरू झाली. सून दीक्षा हातातली भांडी हिसकावून घेई. ज्यानं जन्मात आईला पाण्याचा पेला दिला नाही, तो सुशील संध्याकाळी खोबरेलाची वाटी घेऊन बसे. लोक विचारपूस करायला येत, तुळसाबाईची नव्हे, अंगठ्याची. शेजारचा रामाजी चष्मा लावून बघून गेला आणि "एक रेघ दिसून राहिली" असं गावभर सांगत सुटला. पहिले दोन दिवस तुळसाबाईला चोरी केल्यासारखं वाटलं. मग दुपारी डोळा लागू लागला. आपल्याला झोप एवढी आवडते हे तिला आत्ता कुठे कळलं, आणि कळल्यावर रडू आलं.

पंधरवड्यानंतर अंगठा असा झकास उमटला की पियुषनं टाळी वाजवली. मग त्याचा चेहरा पडला.

"अंगठा चांगला हाय, पण आधार कार्डाशी जुळून नाही राहिला. कार्ड काढलं तवा मिरचीचा हंगाम होता. तिथं अर्धा घासलेला अंगठा जमा हाय."

"मंग काय मायले पुन्हा खुडायले लावू?" सुशीलनं विचारलं.

"लावा, पण बेतानं. अर्ध्यावर आला की थांबवा."

तुळसाबाईनं आपला मऊ, तेलकट हात पोटाशी धरला. "हा अंगठा माया हाताचाच हाय ना? मंग हाच लिहून घे."

असंही करता येतं हे पियुषला तिनं सांगितल्यावर सुचलं. नवे ठसे घेतले गेले, काही दिवसांनी जुळलेही, आणि हप्ता सुटला. "आता हाच जपा आजी," तो म्हणाला. "दरवेळी असाच लागीन."

दुसऱ्या दिवशी दीक्षानं सवयीनं घरच्या मिरचीची टोपली सासूपुढे ठेवली.

"मले काय, मी खुडतो," तुळसाबाई म्हणाली. "मंग हप्ता अडला तर मले बोलू नोका."

सुशीलनं टोपलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि टोपली स्वतःकडे ओढली. तासाभरात त्याची बोटं आग आग करू लागली. न राहवून तो म्हणाला, "माय, इतके वर्षं तू हे कसं केलं वं?"

तुळसाबाईला तोवर झोप लागली होती.