खायच्या सोड्याचा बर्फ

आमच्या घरात बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर रणगाडे तयार होतात. खरे नाहीत हो, प्लास्टिकचे, वीतभर लांबीचे. आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झाले आणि त्यांनी हा उद्योग मांडला. रविवारी त्यांचे दोन मित्र येतात. एक कॅम्प चार ह्या सिंधी वस्तीतले भाईसाहेब, त्यांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरे शिवमंदिराजवळ राहतात, ह्यांच्याच कारखान्यात होते, त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. साठी उलटलेले तीन बाप्ये डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढे तुकडे चिकटवत बसतात आणि आमच्या कात्रपच्या फ्लॅटभर थिनरचा वास सुटतो.

ह्या प्रकाराला ते ग्रुप बिल्ड म्हणतात. सगळ्यांनी एकच गाडी घ्यायची, एकत्र सुरू करायची, ठरल्या दिवशी एकत्र संपवायची. आणि एक नियम, जो ह्या लोकांनी देवाच्या सोवळ्यासारखा पाळलाय. आपला रणगाडा कुठल्या मुलखातला, कुठल्या मोसमातला, हे मनाशी पक्कं करायचं आणि मग रंग, धूळ, चिखल सगळं तिथलंच लावायचं. सरांनी एकदा पावसाळ्यातल्या गाडीवर कोरडी धूळ लावली, तर भाईसाहेब पुढचा रविवारभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मला हसू यायचं. घरात भाजी काय आणायची ते ह्यांना आठवत नाही, पण कुठल्या वाळवंटातली माती किती पिवळी ते तोंडपाठ.

ह्या वेळी तिघांनी टी-नाइन्टी घेतला, तो आमच्या मुलामुळे. मुलगा सैन्यात आहे, तोच रणगाडा चालवतो. पोस्टिंग राजस्थानात. तेव्हा ह्यांचा रणगाडा राजस्थानातला, हे न सांगताच ठरलं. दिवाळीनंतर ह्यांनी तो छान वाळूच्या रंगाने रंगवला. मी रोज झाडू मारताना त्याच्याकडे बघायची. वेडेपणा आहे, पण बरं वाटायचं.

मग एके दिवशी बघते तर रंग बदललेला. वाळू गेली, मातकट करडा आला.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘मूड बदलला,’’ हे म्हणाले.

मूड! ज्या माणसाने लग्नापासून एका मापाचा, एका रंगाचा शर्ट सोडला नाही, त्याचा मूड बदलला? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

एकदा संशय आला ना, की सगळंच दिसायला लागतं. मुलाचा फोन पूर्वी मला यायचा. आता तो ह्यांच्या मोबाईलवर यायला लागला आणि हे गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचे. मग शेवटचं मिनिटभर मला. ‘‘आई, मजेत आहे, ऊन फार आहे, ठेवतो.’’ मी चहा घेऊन गेले की टेबलावरचं बोलणं पट्कन तुटायचं आणि सर माझ्या चहाचं कौतुक करायला लागायचे. आमच्या सरांनी इतक्या वर्षांत माझ्या चहाला कधी बरं म्हटलं नव्हतं. तिघांनी मिळून तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

आणि मग ती परात. ह्यांनी माझी पुरणाची परात रणगाड्यावर पालथी घातली.

‘‘उचलू नकोस गं, रंग ओला आहे.’’

आठवडा झाला तरी ओलाच! असला कसला रंग? पण मी गप्प बसले, कारण भांडले असते तर ह्यांनी तो रणगाडा सरांच्या घरी हलवला असता.

ढोकळ्याचं पीठ भिजवलं त्या दिवशी खायच्या सोड्याचं पाकीट सापडेना. नवंकोरं पाकीट, मीच आणलेलं. हे बाजारात गेले होते. मी सरळ बाहेरच्या खोलीत गेले आणि परात उचलली.

रणगाडा पांढरा होता. म्हणजे पूर्ण नाही. चाकांच्या पट्ट्यांवर, मागच्या डिझेलच्या पिंपांवर, खालच्या दगडगोट्यांवर माझा सोडा भुरभुरलेला होता. बर्फ.

राजस्थानात कुठला आलाय बर्फ! पण बर्फ काय, शंभर ठिकाणी पडतो. उगाच आकांडतांडव केलं आणि ह्यांनी ‘हे रशियातलं दृश्य आहे’ म्हणून वाटेला लावलं, तर? मला ताडून बघायचं होतं आणि ह्यांच्याकडून ताकास तूर लागणार नव्हती. मी परात होती तशी ठेवली, मिक्सरचं भांडं पिशवीत घातलं आणि रिक्षा करून कॅम्प चार गाठलं.

भाईसाहेब काउंटरवर होते. ‘‘आओ भाभी, क्या हुआ मिक्सरला?’’

‘‘घरघर करतंय,’’ मी म्हटलं. ते भांडं खोलायला लागले, तशी मी सहज बोलल्यासारखं बोलले, ‘‘तुमच्या मित्राचा रणगाडा बघितला. बर्फ काही जमला नाही हो. नुसतं पीठ शिंपडल्यासारखं दिसतं. बर्फ कसा, चिकटून बसलेला पाहिजे.’’

ह्या लोकांची नस मला माहीत होती. घरच्या बाईला नावं ठेवा, चालेल. बर्फाला ठेवलेलं चालत नाही.

‘‘नहीं नहीं भाभी, ये तो गलत बोला तुम!’’ त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ‘‘लडाख की बर्फ सूखी होती है. वो चिपकती नहीं, पावडर रहती है. मैं भी यही बोला था, तो तुम्हारे साहब ने सीधा बेटे से पूछा. बेटा बोला, पापा, यहाँ तो हाथ से झटको तो...’’

आणि ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ‘‘अरे साईं,’’ एवढंच हळूच म्हणाले. मिक्सरचं भांडं तसंच उघडं पडलेलं होतं.

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘भाभी, कसम दी थी...’’

मी भांडं तिथेच टाकून निघाले. रिक्षात मला रडू नाही आलं, राग आला. भयंकर राग. मुलाने बापाला सांगितलं, बापाने मित्रांना सांगितलं, कॅम्प चारच्या दुकानापर्यंत बातमी पोचली, आणि ज्या बाईने त्याला नऊ महिने पोटात वागवलं ती मात्र उन्हात टोपी घाल रे बाबा म्हणत बसली! ह्या तिघांना मी दर रविवारी गरम गरम थालीपीठं वाढत होते!

घरी आले तर हे टेबलाशी बसलेले. परात बाजूला होती. भाईसाहेबांचा फोन माझ्या आधी पोचला असणार.

‘‘त्याने शपथ घातली होती,’’ हे म्हणाले. ‘‘तुझं बीपी...’’

‘‘बीपी गेलं खड्ड्यात! माझं लेकरू कुठे आहे ते मला सोड्यावरून कळायचं का? एवढं लपवायचं होतं तर रणगाडा पिवळाच ठेवायचा होतात ना!’’

ह्यांनी रणगाडा बोटाने जरासा वळवला. मग म्हणाले, ‘‘नाही ठेवता आला गं. रोज बघत होतो. खोटा दिसायला लागला.’’

एवढं ऐकलं आणि माझा आवाज चढायचा राहिला. मी समोरची खुर्ची ओढून बसले. पहिल्यांदाच बसले त्या टेबलाशी. जवळून बघितलं तर रणगाडा पुरा झाला होता, फक्त पुढे, तोफेच्या नळीखाली एक गोल भोक होतं. ड्रायव्हरची जागा. त्यातून एक चिमुकला माणूस छातीपर्यंत बाहेर आलेला, आणि त्याचं झाकण टेबलावर सुटं पडलेलं.

‘‘हे का नाही लावलंत?’’

‘‘ठरत नाहीये. रविवारी संपवायचंय, आणि हे ठरतच नाहीये.’’

‘‘ठरायचं काय त्यात? बंद करा. त्याला आत घ्या आणि झाकण लावा. केवढी थंडी असेल तिकडे.’’

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘एरवी डोकं बाहेर काढूनच चालवतात. झाकण बंद करतात ते गोळीबार सुरू झाला की.’’

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. मी त्या माणसाकडे बघत राहिले. त्याला ह्यांनी डोळेसुद्धा रंगवले होते, सुईच्या टोकाने रंगवले असतील. गाल थंडीने लाल केले होते.

‘‘मग उघडंच ठेवा,’’ मी म्हटलं.

ह्यांनी गोंद लावला. चिमटा मी त्यांच्या हातातून घेतला, आणि गोंद सुकेपर्यंत झाकण उघडं धरून बसले.